तारेवरची रांग

ट्रंक कॉलचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग हे तीन शब्द अजून आठवत असतील. जादा पैसे मोजणाऱ्याचा कॉल आधी लागे. ही व्यवस्था न्याय्य होती काय, यावर वाद होऊ शकेल. परंतु तिचे नियम सर्वांना ठाऊक होते, हे तिच्या टीकाकारालाही नाकारता येणार नाही. आज तशीच प्रतवारी संगणकांच्या जाळ्यातील स्विच नावाच्या लहानशा पेटीत होते. तिचे नियम कोणी ठरविले, हे मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारखे एखादे गाव घ्या. समजा, तेथे ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांना मिळून एकच जोडणी आहे. उपकेंद्रातील रुग्ण दूरच्या डॉक्टरांशी बोलत असतानाच शाळेत धड्याची मोठी चित्रफीत उतरवून घेतली जाऊ लागली, तर डॉक्टरांचा आवाज तुटू लागेल. चित्रफीत दोन मिनिटे उशिरा आल्याने काही बिघडत नाही. संभाषणातील विलंब मात्र १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणूनच स्विचमध्ये वर्गीकरणाचे नियम घालावे लागतात. माहितीचे पॅकेट कोठून आले, कोठे चालले, कोणत्या कामाचे आहे, हे पाहून त्यावर खूण करावयाची आणि त्या खुणेप्रमाणे त्यास रांगेत उभे करावयाचे. १९९८ साली ठरलेल्या संकेतानुसार ही खूण सहा बिटांची असते; तिच्या ६४ किमती होऊ शकतात आणि आवाजासाठी त्यांपैकी ४६ हा आकडा रूढ आहे.

येथवर प्रश्न तंत्राचा. परंतु प्राधान्याने तार रुंद होत नाही. एकास पुढे घेतले की दुसरा मागे राहतो. प्रत्येक यंत्राने स्वतःवर लावलेली खूण खरी मानली, तर सगळेच तातडीचे होतील. पहिल्या रांगेला मर्यादाच घातली नाही, तर शेवटची रांग जागची हलणार नाही. आणि पदाधिकाऱ्याच्या दालनातील संगणक निमूटपणे पहिल्या रांगेत जाऊन बसला, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटच्या दरांतील भेदभावास मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने जाळ्याच्या तटस्थतेचे तत्त्व मान्य केले. पण हे बंधन सेवा पुरविणाऱ्यांवर आहे. संस्थेच्या स्वतःच्या स्विचमधील क्रम पेटी बसविणारा तंत्रज्ञच ठरवून जातो. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

तेव्हा आधी काय आणि मागाहून काय, हे संबंधितांनी एकत्र बसून ठरवावे, साध्या मराठीत लिहावे आणि सूचनाफलकावर लावावे. तंत्रज्ञाने तेवढेच पेटीत उतरवावे. रांग असण्याला कोणाची हरकत नाही. ती सर्वांना दिसली पाहिजे, एवढेच मागणे आहे.