गाडवाटेवरची दुहेरी गाडी

विज्ञानाचा नवा शोध लागला की फळ शहराला आणि साल खेड्याला, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मोटारीच्या बाबतीतही तेच चालले आहे. 'प्लग-इन हायब्रीड' या उंच, दणकट गाडीवर मी लिहावे, याचे काही मित्रांना हसू येईल. ज्याच्या घरी वडिलांपर्यंत कुणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही, ज्याच्या दारात बैलगाडी आणि भावकीत मिळून एक ट्रॅक्टर, त्याने असल्या गाडीवर मत का द्यावे? माझे उत्तर साधे आहे. ही गाडी ज्या वाटांवर चालते म्हणून जाहिरातीत मिरवते, त्या वाटा माझ्या रोजच्या आहेत.

आधी गाडी समजून घेऊ. हिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटारही असते. बॅटरी घरच्या प्लगवर भरायची. ती संपली की इंजिन काम हाती घेते. कल्पना तशी जुनी. फर्डिनांड पोर्श यांनी 1900 च्या सुमारास इंजिन आणि मोटार यांची जोडी जमवून पाहिली होती. चीनच्या बी.वाय.डी. कंपनीने 2008 साली प्लगवर भरणारी दुहेरी गाडी विक्रीस आणली. जपानच्या मित्सुबिशीने 2013 साली 'आउटलँडर' ही उंच गाडी याच पद्धतीने काढली. तिच्या पुढच्या चाकांना एक मोटार आणि मागच्या चाकांना दुसरी. बॅटरीत 12 युनिट वीज मावे आणि तेवढ्यावर ती पन्नासेक कि.मी. धावे.

आता आमच्या वाटा. शिरपूर तालुक्यात तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात चाकाला अशी चिकटते की चाक कोणते आणि चिखल कोणता ते कळू नये. उत्तरेला सातपुड्याकडे वळलो की दगडगोटे आणि नाले सुरू होतात. अशा वाटेवर ट्रॅक्टर चालवताना मी एक गोष्ट शिकलो. येथे वेग कामाचा नाही; सावकाश आणि सलग जोर लागतो. क्लच झटक्याने सोडला की चाक जागीच फिरते, खड्डा खोल होतो आणि मग बैलजोडी बोलवावी लागते. विजेची मोटार पहिल्याच फेऱ्यापासून पूर्ण जोर देते आणि तो हवा तेवढा बारीक मोजून देता येतो. उतारावर तीच मोटार उलट वीज तयार करते, ब्रेकवरचा ताण हलका होतो आणि बॅटरीतही थोडी भर पडते. म्हणजे या गाडीचे गुण खरोखर गाडवाटेचेच गुण आहेत.

दोषही सांगितले पाहिजेत. बॅटरीचे वजन मोठे आणि चिखलात वजन हा शत्रू. शिवाय बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या खोल जातात तसा मधला उंचवटा वर येतो. बॅटरी बहुधा तळाशी असते. एखादा धोंडा तिला लागला तर दुरुस्ती गावच्या मिस्त्रीच्या हातची नाही. बॅटरी संपल्यावर इंजिनाला तिचे ओझे फुकट वाहावे लागते, ते वेगळेच. आणि प्लग असून भागत नाही, प्लगात वीज हवी. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? ती वीज दीपनगरच्या कोळशाची की साक्रीच्या उन्हाची, हाही प्रश्न आहेच. साक्री तालुक्यात 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, ही त्यातल्या त्यात आशेची बाब.

तरीही माझे मत या गाडीच्या बाजूने आहे, आणि कारण हिशेबाचे आहे. खेड्यातला रोजचा प्रवास लहान असतो. शेत, बाजार, तालुक्याची शाळा, दवाखाना. हा सगळा पन्नास कि.मी.च्या आत बसतो, म्हणजे रोजचे काम विजेवर होईल. धुळ्या-जळगावला जाण्याचा प्रसंग आला किंवा रात्री वीज गेली, तर पेट्रोल आहेच. निव्वळ विजेच्या गाडीला ही सोय नाही.

मग ही गाडी मिळते कुणाला? बी.एम.डब्ल्यू.ची 'एक्स.एम.' ही प्लगवाली गाडी डिसेंबर 2022 मध्ये भारतात आली, ती 2 कोटी 60 लाखांना! सप्टेंबर 2025 पासून विजेच्या मोटारीवर 5 टक्के आणि मोठ्या हायब्रीडवर 40 टक्के जी.एस.टी. आहे. श्रीमंतांच्या चैनीवरचा कर कमी करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, चैनीची मोटार आणि कामाची मोटार यांत फरक करावा. केळी वाहणारी पिकअप, मुलांना शाळेत नेणारी जीप आणि पाड्यावर जाणारी रुग्णवाहिका या तत्त्वावर बनाव्यात, आणि सवलत त्यांना मिळावी. चिखलातून जाणे हा कुणाचा रविवारचा खेळ असेल. बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणाऱ्यांचा तो खेळ नव्हे.

कुणी म्हणेल, रस्तेच करा, म्हणजे असल्या गाडीची गरज उरणार नाही. आमचे आप्पाही या गाडीचे वर्णन ऐकून म्हणाले, "गाडी भारी शे, पन वाट कोठे शे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्यात 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना आली, ती चांगलीच आहे. परंतु डांबर गावाच्या वेशीपर्यंत येते. प्रत्येक बांधापर्यंत आणि प्रत्येक पाड्यापर्यंत ते उद्या पोहोचेल, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? तोवर पावसाळे येतच राहणार आणि माणसे आजारी पडतच राहणार. म्हणून रस्ता आणि गाडी या दोन्ही मागण्या आपण एकत्र केल्या पाहिजेत.

आपल्यातले काही जण उद्या शिक्षक होतील, काही कचेरीत बसतील, काही पुढारीही होतील. तेव्हा नव्या यंत्राचा गौरव करण्यापूर्वी ते कुणाच्या वाटेवर चालणार आहे, एवढा एक प्रश्न विचारायची सवय आजपासून लावून घेऊ या.