वाणीचे स्वातंत्र्य आणि सम्यक वाचा

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि 15 डिसेंबरला कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावले. झरी परिसरातील आपणा सर्वांच्या मनात ही जखम ताजी आहे. म्हणूनच संविधानाने दिलेल्या वाणीच्या हक्काचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे.

अनुच्छेद 19 भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावर निर्बंधांनाही वाव ठेवतो. बाबासाहेब कायदामंत्री असताना 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, अपराधास चिथावणी ही कारणे त्यात आली. त्याचबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असावेत, ही अटही आली. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालय तपासते. जमावाला तो अधिकार नाही.

या अटीचे मोल आपल्या समाजाला सर्वांत अधिक कळावे. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातील काही मजकूर खटकला. बाबासाहेबांनी तो बदलण्यास नकार दिला. अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापले. 1987 मध्ये राज्य शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या ग्रंथातील राम-कृष्णांवरील प्रकरण वगळावे, यासाठी आंदोलन झाले. आपला समाज लाखोंच्या संख्येने मुंबईत रस्त्यावर उतरला, तेव्हा ते प्रकरण टिकले. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यानेच लेखन बंद करायचे ठरले असते, तर सर्वांत आधी बाबासाहेबच मुके झाले असते.

म्हणून आपल्या भावना दुखावल्या जातील तेव्हाही हेच माप लावले पाहिजे. प्रतिकृतीची मोडतोड हे कृत्य आहे; त्याला शिक्षा हवी. दगडफेक हेही भाषण नव्हे. कोठडीतील मृत्यूचा जाब विचारणे मात्र आपला पुरेपूर हक्क आहे, आणि कटू टीकेला उत्तर युक्तिवादानेच द्यावयाचे आहे.

तथागतांनी सांगितलेली सम्यक वाचा हा आपण स्वतःवर घातलेला संयम आहे. तो दंडुक्याने दुसऱ्यावर लादता येत नाही. त्याच तथागतांनी कालामांना, केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असेही बजावले. माजी विद्यार्थी व पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलांनी घरी प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करू नका. संविधानाचे रक्षण तेथूनच सुरू होते.