फ्लेक्सचं दुकान बंद करू नका, पण संध्याकाळही विकू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. एक प्रश्न मला सारखा येतो: "सर, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करून कंटाळलोय. टॅबवर निसर्गचित्रं काढतो. दुकान सोडून पूर्णवेळ आर्टिस्ट होऊ का?"

माझं मत स्पष्ट आहे. दुकान सोडू नका.

हे मी अनुभवाने बोलतोय. जालन्यात माझं प्रिंटिंगचं दुकान आहे. एकदा एका हॉटेलच्या भिंतीसाठी मोठ्या चित्राची ऑर्डर मिळाली आणि मी हवेत गेलो. डिझाईनचं काम चार महिने बंद ठेवलं. दुसरी ऑर्डर आलीच नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं बायकोच्या भिशीच्या पैशातून भरलं. ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता एक मोठं उदाहरण बघा. सय्यद हैदर रझा. जन्म 1922, मंडला जिल्ह्यातला. नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि 1943 मध्ये मुंबईत आले. पोटासाठी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरचं काम धरलं. नोकरी सांभाळून मुंबईचे रस्ते, इमारती, निसर्ग रंगवत राहिले. 1946 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीत त्यांचं एकल प्रदर्शन झालं. 1950 मध्ये पॅरिसला गेले. त्यांचं 'सौराष्ट्र' हे चित्र 2010 मध्ये लिलावात 16 कोटींच्या वर गेलं. पण सुरुवात कुठून झाली? पगाराच्या कामातून. आपण शिकायची गोष्ट ती आहे, कोटींचा आकडा नाही.

"पण सर, डिजिटल चित्राला कोण विचारतं?" डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅड हातात घेतला. यॉर्कशायरमधल्या एका साध्या रस्त्यावर वसंत कसा येतो, ते 2011 मध्ये त्यावर काढलं. ती चित्रं 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या आकारात लागली. म्हणजे साधनाला कमीपणा नाही. त्याने स्वतःच्या ओळखीचा रस्ता निवडला, हे महत्त्वाचं.

तुम्हीही तेच करा. बर्फाचा डोंगर आणि गुलाबी सूर्यास्त आज एआय काही सेकंदात काढून देतं. पण घाणेवाडीचं पाणी, अंबडची मत्स्योदरीची टेकडी, मोसंबीच्या बागेतली दुपारची सावली तुम्ही उभं राहून पाहिली आहे. गाव सोडून पुण्यात राहणारा माणूस त्यासाठीच पैसे देईल.

आता धंद्याचं बोलू. फ्लेक्स लांबून बघतात, म्हणून कमी रिझोल्यूशन चालतं. भिंतीवरचं चित्र लोक जवळून बघतात. 12 बाय 18 इंचांच्या प्रिंटला 300 डीपीआयने 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. फाईल पहिल्यापासून तेवढीच घ्या. स्क्रीनवरचा चकचकीत हिरवा प्रिंटमध्ये मळका येतो, म्हणून आधी छोटा नमुना काढा. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर क्रिटा फुकट आहे.

दर काढताना समजा प्रिंट 400, फ्रेम 600, पॅकिंग-कुरियर 250. तुमचे 6 तास, तासाला 150 धरून 900. एकच प्रत विकली तर खर्च 2150. दहा प्रती विकल्या तर तासांचा वाटा 90 वर येतो, म्हणजे प्रत 1340 ला पडते. नफा त्याच्या वर. आणि दहाच प्रती काढणार म्हणून सांगितलं, तर अकरावी काढायची नाही. गिऱ्हाईकाचा विश्वास एकदाच मिळतो.

माझ्या शीर्षकातला दुसरा अर्धा भाग विसरू नका. सिझनमध्ये अर्जंट बॅनर रात्री अकरापर्यंत येत राहतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शटर सातला खाली. त्या वेळेत गिऱ्हाईकाचं काम नाही, म्हणजे नाही. सलग सहा महिने चित्रांच्या नफ्यातून दुकानाचं भाडं निघालं, की मग सोडायचा विचार करा.

आज एवढंच करा: कॅलेंडरवर त्या दोन संध्याकाळी लाल पेनाने गोल करा आणि घरच्यांना दाखवा.