हिशेब सगळ्यांकडे, रुग्ण सोडून

तालुक्याच्या गावातलं औषधाचं दुकान. संध्याकाळची गर्दी ओसरली की काउंटरच्या कोपऱ्यावर बॅग टेकवून औषध कंपनीचा एखादा एमआर (विक्री प्रतिनिधी) दुकानदाराशी हळू आवाजात बोलू लागतो. समोरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्या कंपनीच्या किती स्ट्रिप गेल्या, दुसऱ्या कंपनीच्या किती? या चौकशीला धंद्यात ‘आरसीपीए’ म्हणतात. म्हणजे केमिस्टकडे जाऊन केलेली चिठ्ठ्यांची झडती. आकडे कंपनीकडे जातात. कोणत्या डॉक्टरवर काय खर्चलं आणि त्यातून किती ‘बिझनेस’ आला, याचा ताळा तिथे मांडला जातो. काउंटरवर पैसे मोजणाऱ्या माणसाला मात्र यातलं काहीच कळत नाही.

हा हिशेब डॉक्टरांच्या नावानिशी जाहीर करा, असं कोणी म्हटलं की काही आक्षेप हटकून पुढे येतात. त्यातला एकही अगदीच पोकळ नाही, म्हणून ते एकेक तपासलेले बरे.

पहिला आक्षेप स्वाभिमानाचा. एका पेनाने किंवा जेवणाने डॉक्टर विकला जात नाही. बहुतेक डॉक्टर हे मनापासून म्हणतात. पण अमेरिकेत २०१६ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी कंपन्यांकडून घेतलेल्या जेवणांशी ताडून पाहिल्या गेल्या. सरासरी वीस डॉलरहूनही स्वस्त असं एकच जेवण घेतलेल्यांकडूनही त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहिलं जात होतं. जेवणं वाढली तसं ते प्रमाणही वाढलं. जेवणामुळेच चिठ्ठी बदलली, हे यातून सिद्ध होत नाही. त्या औषधावर आधीच विश्वास असलेले डॉक्टरच जेवायला गेले असतील. मात्र हा वाद आकड्यांनिशी घालता आला, कारण तिथे नोंदी खुल्या आहेत. भारतात डॉक्टरांना आपला स्वाभिमान सिद्ध करायचा म्हटलं, तरी पुरावा म्हणून दाखवायला वही नाही. शिवाय जेवणाचा काहीच परिणाम होत नसेल, तर संध्याकाळी केमिस्टकडे नेमकं काय मोजलं जातं?

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. आडगावातल्या डॉक्टरला नवं औषध एमआरच सांगतो आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला तर परिषदा होणार नाहीत, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, आणि व्याख्यानांचा मांडव फुकट उभा राहत नाही. परंतु नोंद म्हणजे बंदी नव्हे. अमेरिकेच्या २०१० च्या ‘सनशाइन’ कायद्याने ना व्याख्यानं थांबवली, ना मानधन. रिपब्लिकन चक ग्रासली आणि डेमोक्रॅट हर्ब कोल या दोन सिनेटरांनी रेटलेल्या या कायद्याने कंपन्यांना एवढंच सांगितलं, की कुणाला, किती आणि कशासाठी दिलंत ते लिहा. ३० सप्टेंबर २०१४ रोजी त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या.

तिसरा आक्षेप सरकारी थाटाचा आहे: नियम आहेतच की!

आहेत खरे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या आचारसंहितेत भर घालून भेटी, प्रवास, पाहुणचार आणि रोख रकमेवर डॉक्टरांना मनाई केली. २०१६ मध्ये त्याच कलमातून डॉक्टरांच्या संघटना वगळल्या गेल्या; जे एकट्याने घ्यायचं नाही ते संघटनेने घ्यायला वाट राहिली. कंपन्यांसाठीची आचारसंहिता २०१५ पासून ऐच्छिक होती. १२ मार्च २०२४ च्या नव्या संहितेने फुकट सॅम्पलचं मूल्य कंपनीच्या वार्षिक देशी विक्रीच्या दोन टक्क्यांवर बांधलं आणि डॉक्टरांच्या परदेशवाऱ्या बंद केल्या. पण तिच्यामागेही कायद्याचं बळ नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती कसाला लागली. तीस डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेऊन १ कोटी ९१ लाख रुपये खर्च केल्याबद्दल औषधनिर्माण विभागाने अ‍ॅबव्ही हेल्थकेअर इंडियावर ठपका ठेवला, आणि डॉक्टरांवर कारवाईसाठी प्रकरण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे धाडलं. प्रकरण उजेडात आलं ते निनावी तक्रारीमुळे. आपले डॉक्टर त्या तिसांत होते का, हे रुग्णाला शोधता येईल अशी नोंदवही आजही नाही.

करखात्याची दृष्टी तुलनेने तीक्ष्ण निघाली. अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. उदय लळीत आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने निकाल दिला, की डॉक्टरांना दिलेल्या भेटी हा व्यवसायाचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. त्या भेटींची किंमत शेवटी औषधाच्या किमतीत मिसळते, याकडेही न्यायालयाने बोट दाखवलं. त्याच वर्षी १ जुलैपासून वर्षाला २० हजार रुपयांपुढच्या अशा लाभांवर दहा टक्के टीडीएस लागू झाला. म्हणजे कोणाला काय मिळालं, हे आता पॅन क्रमांकासह नोंदलं जातं. ते वाचतो फक्त करखात्यातला अधिकारी.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार. डॉक्टरांवर आधीच हल्ले होत आहेत. नावं छापली तर प्रामाणिक माणूसही भरडला जाईल. ही भीती खरी आहे. पण प्रामाणिक माणसाला बदनाम करणारी अफवा नोंदवहीतून निघत नाही, ती नोंदवही नसल्यामुळे पसरते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका वकिलांनी डोलो-६५० च्या संदर्भात हजार कोटींच्या भेटींचा आरोप मांडला. कोविडच्या ऐन वर्षात त्या गोळीची सगळी विक्रीच साडेतीनशे कोटींची होती, असा कंपनीचा खुलासा आला. तोवर ताप आल्यावर ती गोळी लिहून देणारा प्रत्येक डॉक्टर लोकांच्या नजरेत संशयित ठरला होता. अमेरिकेत नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वी डॉक्टरांना ती तपासून हरकत घ्यायला ४५ दिवस मिळतात. संशोधनाचा निधी वेगळा, मानधन वेगळं, जेवण वेगळं, असे रकानेही पाडलेले असतात. इतकी सोय कुजबुजीत मिळत नाही.

‘रुग्ण कुठे हे वाचत बसणार?’ हा शेवटचा प्रश्न. बहुतेक नाहीच वाचणार. अमेरिकेतही फारसे वाचत नाहीत, आणि नोंदी खुल्या झाल्या म्हणून तिथल्या कंपन्यांचा खर्च आटलेलाही नाही. मात्र वाचक एकटा रुग्ण नसतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांनी कंपन्यांकडून मिळालेले पैसे आपल्या अनेक शोधनिबंधांत सांगितले नव्हते. पत्रकारांनी याच सरकारी नोंदी निबंधांशी ताडल्या, तेव्हा सुमारे ३५ लाख डॉलरचा आकडा पुढे आला. सप्टेंबर २०१८ मध्ये बासेल्गांनी पद सोडलं.

आता करायचं काय? गंमत अशी, की वही नव्याने घालायची गरजच नाही. २०२४ ची संहिता कंपन्यांना सॅम्पलची नोंद ठेवायला सांगतेच: औषधाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, कधी दिलं. हीच पद्धत मानधन, प्रवास, जेवण आणि परिषदांच्या प्रायोजकत्वाला लावावी. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक जोडून दरवर्षी त्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, मराठीसह भारतीय भाषांत. संघटना आणि रुग्णालयांनाही त्यातून सूट नसावी. नोंद देण्याची जबाबदारी कंपनीची असावी, म्हणजे एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरवर कारकुनीचा बोजा पडणार नाही. आणि लपवलं तर दंड कायद्याने ठरलेला हवा. कंपन्यांनीच नेमलेल्या समितीच्या मर्जीवर तो सोडून भागणार नाही.

महाराष्ट्राला या वाटेवर अडखळण्याची सवय आहे. २०१७ साली माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने ‘कट प्रॅक्टिस’, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांना मिळणारं कमिशन, रोखणाऱ्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. त्याच वर्षी मुंबईत ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचे एका हृदयरुग्णालयाचे फलक लागले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने त्यांनाच हरकत घेतली. फलक चर्चेत राहिले. मसुद्याचा कायदा काही झाला नाही.

राष्ट्रीय पातळीवर मात्र एक दार वेगळ्याच हातांनी ठोठावलं. कंपन्यांच्या आचारसंहितेला कायद्याचं बळ द्या, अशी याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलेली संघटना रुग्णांची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. ती औषध विक्री प्रतिनिधींची होती: टार्गेटच्या ओझ्याखाली रोज बॅग उचलणाऱ्या आणि संध्याकाळी केमिस्टच्या काउंटरवर आकडे टिपणाऱ्या एमआर मंडळींची.