खिंडीतला दगडी आसरा

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात खंडाच्या पाण्याची वाटणी करणारी एक रेषा उत्तर-दक्षिण धावते. तिच्या पश्चिमेचे पाणी पॅसिफिक महासागराला मिळते, पूर्वेचे दुसऱ्या समुद्रांना. जलविभाजक म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला सांगावयास नको. एकाच खानापूर तालुक्यात उगम पावून म्हादई पश्चिमेला आणि मलप्रभा पूर्वेला का जाते, हे तो पुरते जाणतो. कॅनडातील त्या रेषेवरची शिखरे मात्र हिमाच्छादित व दुर्गम. ती कोणी 'जिंकली', याच्या याद्या ग्रंथोग्रंथी आढळतात. त्या याद्यांविषयी आम्हांला थोडे लिहावयाचे आहे.

लुईस सरोवराच्या मागे व्हिक्टोरिया आणि लेफ्रॉय ही शिखरे उभी आहेत. १८९६ च्या ऑगस्टमध्ये फिलिप अ‍ॅबट हा अमेरिकन वकील लेफ्रॉयच्या माथ्याजवळून कोसळून मरण पावला. सोबत मित्र होते, वाटाड्या नव्हता. पुढच्याच वर्षी पीटर सारबाख या स्विस वाटाड्यासह गेलेल्या मंडळींनी तोच माथा गाठला. यातला बोध कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने तत्काळ घेतला. डोंगरात हॉटेले थाटून बसलेल्या कंपनीला गिऱ्हाईक जिवंत परतलेले हवे होते! १८९९ पासून १९५४ पर्यंत तिने स्विस वाटाडे पदरी ठेवले. पुढे गोल्डन गावाजवळच्या उतारावर त्यांच्यासाठी नक्षीदार स्विस घरेही बांधली. पण तीही आगगाडीतल्या प्रवाशांच्या नजरेस पडतील अशा जागी. माणसे आणली ती कामासाठी आणि शोभेसाठीही.

या वाटाड्यांनी १९२२ साली त्या दोन शिखरांमधल्या खिंडीत, २,९२५ मीटर उंचीवर, एक दगडी आसरा उभारला. दगड तिथलेच, सिमेंट, लाकूड, चूल, अंथरुणे हे सारे खालून आणलेले. हिमनदीवरून जमेल तेथवर घोडे, आणि पुढे माणसांची पाठ. बर्फाच्या भेगा चुकवीत, वरून कोसळणाऱ्या हिमकड्यांखालून हे ओझे त्यांनी वाहिले. आसऱ्याला नाव मिळाले अ‍ॅबटचे! मृताविषयी आम्हांला अनादर नाही. परंतु वाटाड्याविना गेलेल्याचे नाव वाटाड्यांच्या श्रमाला लागावे, हे आम्हांला खटकते. एडवर्ड फॉइट्ससारखा एखादा वाटाडा कीर्ती पावला खरा. बाकीचे पाहुण्यांच्या नावांखाली दडले. त्यांच्याही आधीच्यांची कथा याहून वेगळी नाही. १८८२ साली टॉम विल्सनला लुईस सरोवर 'सापडले', ते स्टोनी जमातीच्या वाटाड्याने त्याला तेथे नेले म्हणून.

हा केवळ परक्या मुलखातला दोष नव्हे. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्यावर ब्रिटनने हिलरी आणि हंट यांना 'सर' केले, तेन्सिंगच्या वाट्याला जॉर्ज पदक आले. परसत्तेखाली वाढलेल्या आमच्या पिढीला या हिशेबाचा अर्थ विचारावा लागत नाही.

आता तो आसराही उरलेला नाही. त्याच्या पायाखालची माती आणि खडक शतकानुशतके बर्फाने धरून ठेवले होते. हवा तापली, ते बर्फ वितळू लागले आणि उतार ढासळला. २०१८ मध्ये आसरा बंद झाला. डागडुजीचे प्रयत्न अपुरे ठरले आणि २०२२ मध्ये तो उतरविण्यात आला. १९९२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलेली वास्तू शंभराव्या वर्षी नाहीशी झाली. चढाई करणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, ती रास्तच आहे. पण बर्फ सुटते आहे ते एका खिंडीतले नव्हे. या शिखरांच्या हिमनद्यांवर पोसलेल्या नद्या पूर्वेला हडसन उपसागरापर्यंत आणि पश्चिमेला पॅसिफिकपर्यंत वाहतात, आणि त्यांच्या काठी शेते व शहरे वसली आहेत. शिखर 'जिंकले' हा शब्द अशा काळात आम्हांला तरी लिहवत नाही.

या जलविभाजकावर उद्या कोठे नवा आसरा उभा राहिलाच, तर त्याच्या दारावर पाठीवरून दगड-सिमेंट वाहणाऱ्यांची नावे कोरावीत, आणि पहिले नाव स्टोनी भाषेतले असावे.