पाच तास आणि वीस टक्के

23 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात साडी नेसलेली चिमुरडी त्रिशा ठोसर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यासमोर उभी राहिली आणि ‘नाळ 2’मधल्या चिमीसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन खाली उतरली. आपल्याला पहिला पुरस्कार सहाव्या वर्षी मिळाला होता, हिने तो विक्रम मोडला, असे म्हणत कमल हासन यांनी तिची पाठ थोपटली. त्या यादीत पाच बालकलाकार होते आणि त्यांपैकी चार मराठी चित्रपटांतले: त्रिशा, तिच्याच चित्रपटातले श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, आणि ‘जिप्सी’चा कबीर खंदारे. मराठी माणसाची मान ताठ व्हावी असाच हा क्षण. पण टाळ्या ओसरायच्या आत ‘उद्याची मोठी नायिका’, ‘आता हिंदी, मग हॉलिवूड’ अशी भविष्ये सुरू झाली. दुधाचे दात पडायच्या वयातल्या मुलीच्या अंगावर मोठ्यांनी आपली स्वप्ने टाकू नयेत, एवढे तरी आपण पाळायला हवे.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याने याबाबत बोलायला हवे, कारण पडद्यावरचे मूल या मातीला नवे नाही. 1918 साली नगरला जन्मलेले शाहू मोडक चौदाव्या वर्षी भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण झाले, समोर राधा होती कोवळ्या वयाची शांता आपटे. तो बोलपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला. ख्रिस्ती घरातल्या या नगरी मुलाला लोकांनी पुढे आयुष्यभर देव म्हणूनच पाहिले. अगदी अलीकडचे सांगायचे तर नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते, तेव्हा त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. शाळेची ओढ असलेल्या गरीब पोराची ती गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचली. त्यात पिस्तुल्या झालेला सूरज पवार पुढे ‘सैराट’मध्ये प्रिन्स म्हणून दिसला. वर्गात ‘चंद्रा’ गाणारा नगर जिल्ह्यातला शाळकरी जयेश खरे तर थेट ‘महाराष्ट्र शाहीर’च्या गाण्यापर्यंत गेला. सावेडीच्या माउली सभागृहात रंगमंचावर येणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत आज हीच वाट असेल, आणि ती असूही द्यावी.

मात्र त्या वाटेवर पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे हॉलिवूडने फार आधी पाहिले आहे. शर्ली टेंपलला 1935 साली, सहाव्या वर्षी, खास छोटे ऑस्कर दिले गेले. मंदीने खचलेल्या अमेरिकेत सलग चार वर्षे तिकीटबारीवर तिच्याच नावाचा डंका होता. बाविसाव्या वर्षी तिने पडदा सोडला, आणि हिशेब पाहिला तर तीस लाख डॉलरांहून अधिक कमाईतले जेमतेम 44 हजार उरले होते. त्याआधी, 1921 साली, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला पोरगा म्हणून जगाला रडवणाऱ्या जॅकी कूगनचे तेच झाले होते. मोठा झाल्यावर त्याला आपल्याच पैशासाठी आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावावा लागला. त्या दाव्यातून 1939 साली कॅलिफोर्नियात कायदा आला. आज तिथे मुलाच्या कमाईतले 15 टक्के त्याच्या नावाने बाजूला पडतात.

जोडी फॉस्टरचे मात्र वेगळे झाले. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ पडद्यावर आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ऑस्करचे नामांकन मिळवूनही ती येल विद्यापीठात शिकायला गेली, पदवी घेतली, मग परतून दोन ऑस्कर जिंकली. बालनटी होती म्हणून ती तारका झाली, असे आम्ही मानत नाही. मध्ये काही वर्षे तिला शिक्षणासाठी देता आली, आणि परतायचे की नाही हे तिने ठरवले, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे ही मोकळीक किती जणींना मिळाली? मास्टर विनायक 1947 साली अकाली गेले, तेव्हा त्यांची मुलगी नंदा आठ वर्षांची होती. वडिलांच्या ‘मंदिर’मधून ती पडद्यावर आली आणि घराचा भार पेलण्यासाठी बेबी नंदा म्हणून काम करत राहिली. पुढे ‘तूफान और दिया’, ‘जब जब फूल खिले’, ‘इत्तेफाक’. नायिका म्हणून तिला जे मिळाले ते लखलखीत होते, पण त्याची सुरुवात आवडीतून नाही, गरजेतून झाली होती. ‘सैराट’चे चित्रीकरण तर नगरच्या कर्जत-जामखेडला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात झाले. अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती. 2016 साली राष्ट्रीय पुरस्कारात तिची विशेष दखल घेतली गेली, चित्रपटाने मराठीतले कमाईचे सगळे आकडे मागे टाकले, आणि या मुलीला गर्दीपायी नियमित शाळा सोडून दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. तिने ती दिली, उत्तीर्ण झाली, आजही ती चांगली कामे करते आहे. पण मैत्रिणींच्या शेजारी बाकावर बसून दहावीचे वर्ष काढण्याचा तिचा हक्क आपण सगळ्यांनी मिळून हिरावून घेतला. तिला पाहायला जमलेली गर्दी बाहेरून आलेली नव्हती, ती आपलीच होती.

एखाद्या सेटवर तासभर उभे राहून पाहावे. मूल सकाळी येते, रंगभूषा होते, मग प्रकाशयोजना जमेपर्यंत ते झाडाखाली बसून राहते. दृश्य चार वेळा होते, कारण मागून ट्रॅक्टर गेला किंवा मोठ्या नटाचे वाक्य चुकले. केस कापायचे नाहीत, उन्हात खेळून काळे व्हायचे नाही, कारण कालच्या दृश्याशी आजचे जुळले पाहिजे. दात पडला तरी दिग्दर्शकाच्या कपाळावर आठी. मोठ्यांची पाळी बारा तासांची, आणि मूल त्याच पाळीत ओढले जाते. त्यातून झोप आली, की ‘शेवटचा एकच शॉट, बाळा’ म्हणून चॉकलेट पुढे करणारे कोणी ना कोणी असतेच.

हे रोखायला आपल्याकडे कायदा आहे, आणि मुलाच्या कमाईतल्या ठेवीबाबत कागदावर तो कॅलिफोर्नियापेक्षा कडक आहे. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, पण चित्रपट, मालिका, जाहिरातींतल्या बालकलाकारांना अटींवर मुभा मिळाली. सर्कशीला ती दिली नाही. 2017च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसात पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, ओळीने 27 दिवसांपेक्षा अधिक काम नको, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा, शाळा बुडता कामा नये. कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवेत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम घेता येत नाही, असेही त्यात स्वच्छ लिहिले आहे. आणि हे सारे सुरू होते जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिथे चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने.

इथेच आमची मागणी आहे. मालिकांची चित्रीकरणे मुंबई-ठाण्याबाहेर सातारा, नाशिक, कोल्हापूरकडे सरकली आहेत. नगरच्या गावांत लघुपट आणि वेबमालिका करणारी तरुण मंडळी कमी नाहीत. तेव्हा अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने अशा परवानग्या किती दिल्या, किती ठिकाणी तपासणी झाली, किती मुलांच्या नावे ठेव पावत्या निघाल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. पाच तासांचा नियम मराठीत एका पानावर छापून करारावर सही करण्याआधी आईवडिलांच्या हाती द्यावा. कामगार खात्याचा निरीक्षक सेटवर गेला तर त्याने आधी हजेरीपट पाहावा आणि मग त्या मुलाशी, आईवडील बाजूला नसताना, दोन शब्द बोलावेत. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही या परवानगीची प्रत जावी. मूल किती दिवस वर्गात नव्हते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

एक जागा या नियमांतून निसटते, आणि ती सर्वांत मोठी आहे. घरातल्या मोबाइलवर पोरीला रोज नाचवून, तिच्या तोंडी मोठ्यांचे संवाद घालून रील टाकणाऱ्या घरात निर्माता नाही, करार नाही, सेट नाही. पैसे मात्र येतात आणि ते कोणाच्या खात्यात जातात हे कोणी विचारत नाही. तिथे तास मोजणारा कोण? राज्याच्या कामगार आणि महिला-बालविकास खात्यांनी या घरगुती चित्रीकरणालाही तेच पाच तास आणि तेच वीस टक्के लागू होतील असा स्पष्ट नियम आणावा, आणि तो पुढच्या पुरस्कार सोहळ्याआधी आणावा.