एक बिअर की नुसता चहा? इंग्लंडच्या पबथांब्यावरचा वाद काय आहे?

वळणावळणाच्या डोंगररस्त्यांवर बाइक काढायची आणि वाटेतल्या जुन्या पबपाशी थांबायचं, हा इंग्लंडमधल्या बाइकर्सचा आवडता बेत. त्यावर आता प्रश्नचिन्ह आहे. वाहनचालकांसाठीची मद्यमर्यादा कमी करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने मांडलाय.

इंग्लंड-वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल चालतं. हा आकडा १९६७चा! भारतात मर्यादा ३० आहे. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्येच ती ५० वर आणली.

मग तिथे अपघात घटले का? 'लॅन्सेट'मधल्या २०१८च्या अभ्यासानुसार, नाही. पब-बारमधली दारूविक्री तेवढी किंचित घसरली. नवी मर्यादा पुरेशी राबवलीच गेली नसावी, असं संशोधकांचं म्हणणं. थोडक्यात, रस्त्यावर तपासणीच होत नसेल तर आकडा बदलून फारसं काही साधत नाही.

बाइकर्ससाठी हा विषय जास्त गंभीर आहे. ब्रिटनच्या वाहतुकीत मोटरसायकलींचा वाटा जेमतेम १ टक्का, पण रस्ते अपघातांतल्या मृत्यूंमध्ये सुमारे २० टक्के.

गावातल्या पबमालकांची भीतीही खोटी नाही. बस नाही, म्हणजे गिऱ्हाईक गाडीनेच येणार. पण सगळं खापर मद्यमर्यादेवर कसं फोडणार? मॅकल्सफील्ड-बक्स्टन रस्त्याला ज्याचं नाव पडलं, तो बाइकर्सचा लाडका 'कॅट अँड फिडल' पब २०१५ मध्ये बंद झाला, तेव्हा मर्यादा ८०च होती. पुढे तिथे व्हिस्कीची डिस्टिलरी आली.